चाकांवरच्या घराची ओसरी

चार भिंतींचा कंटाळा आला म्हणून आम्ही कॅरॅव्हॅन घेतली. म्हणजे घर सोडायचं आणि दुसरं घर गाडीमागे ओढत न्यायचं. पहिल्याच मुक्कामी बायको पायरीवर बसून म्हणाली, "अहो, याला ओसरी असती तर!" माझ्या सुखाचा शेवट या वाक्यापाशी झाला.

ओसरी म्हणजे ऑनिंग. कॅरॅव्हॅनच्या एका अंगाला लावायचा कापडी तंबू. ते घेताना मी ऐटीत कॅरॅव्हॅनची लांबी सांगितली. पण ऑनिंगचं माप तसं नसतंच. टेप मागच्या बाजूला जमिनीपासून वर चढवायचा, छताच्या कडेने न्यायचा आणि पुढून परत जमिनीवर उतरवायचा, तेही कॅरॅव्हॅन समपातळीत उभी करून. आमचं माप ९५० सेंटिमीटर भरलं. मी स्वतः आजवर एवढं नीट माप कधी दिलेलं नाही.

कॅरॅव्हॅनच्या कडेला ॲल्युमिनियमची खोबण असते आणि ऑनिंगच्या कडेला, झबल्याला असतो तसा, गोट. हा गोट खोबणीच्या एका टोकातून आत घालून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत न्यायचा. मी पुढे स्टुलावर, बायको मागे कापडाचं ओझं दोन्ही हातांवर घेऊन. पहिला दीड मीटर लोण्यासारखा गेला. मग कोपरा आला.

"ओढा की!"

"ओढतोय!"

"मग हलत का नाही?"

हलत नव्हतं, कारण कापडाच्या टोकावर स्टूल होतं आणि स्टुलावर मी होतो. हे लक्षात आलं ते खोबणीवर भरपूर सिलिकॉनचा फवारा मारून झाल्यावर. त्यानंतर कापड सुळकन सरकलं. पाठोपाठ मीही.

कापड उभं धरणाऱ्या नळ्यांबद्दल फार लिहीत नाही. त्यांच्यावर नंबर होते, ते पुसले होते.

खरी जिरवली ती चेनने. दारं मोकळी ठेवून मी खाली सगळीकडे मेखा ठोकल्या, हात झटकले आणि दार लावायला गेलो. दोन कडांमध्ये वीतभर फट! बायकोने दोन्ही कडा छातीशी आवळून धरल्या, मी चेन ओढली, चेनचा लोलक माझ्या हातात आला. आधी चेन बंद करायची आणि मग मेखा ठोकायच्या, हा नियम मला तिथे, गुडघ्यांवर बसून समजला. सगळ्या मेखा उपटल्या. पुन्हा ठोकल्या. या खेपेला शेजारच्या कॅरॅव्हॅनमधले गृहस्थ खुर्ची वळवून बसले.

वादळपट्टे पिशवीतच राहिले. छतावरून घ्यायचे, दोन्ही टोकं जमिनीत घट्ट रोवायची, झटका पचवायला टोकाला स्प्रिंग. बायकोने दोनदा आठवण केली. "आज वारा आहे कुठे?" असं मीच म्हणालो होतो. स्पष्ट उच्चारांत.

रात्री अडीचला वारा आला. कापडाला आपण छप्पर आहोत हे कुणी सांगितलेलं नसतं. ते स्वतःला शीड समजतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे शाळेत शिकलो होतो. चौपट म्हणजे नेमकं किती, ते मधल्या नळीला मिठी मारून उभं राहिल्यावर कळलं. दर झोताला नळी वर उचलली जायची आणि तिच्याबरोबर माझ्या टाचाही. बायकोने तोंडात टॉर्च धरून पट्टे टाकले. तोंडात टॉर्च असल्यामुळे ती काही बोलू शकली नाही, एवढाच काय तो दिलासा. एक तणावा मोकळा होऊन फटाफटा आपटत होता. त्याची मेख मी सरळ उभी ठोकली होती, त्यामुळे ती गाजरासारखी उपटून आली. मेख तिरकी ठोकायची असते, तंबूपासून मागे रेललेली, म्हणजे दोरीची ओढ तिला वर न उचलता मातीतच दाबते.

मी ती तशी ठोकली. रागाने ठोकली. मोगरीचं रबर फाटेपर्यंत ठोकली.

सकाळी पानही हलत नव्हतं. शेजारचे गृहस्थ चहाचा कप घेऊन आले. "रात्री वारा सुटला होता का हो?" मी उत्तर दिलं नाही. आम्हाला निघायचं होतं. छत पुसलं, नळ्या सोडवल्या, कापड ओलंच गुंडाळलं. घरी गेल्यावर लगेच उलगडून वाळवायचं, नाहीतर बुरशी धरते. गाडीला कॅरॅव्हॅन जोडली, बायको आत जाऊन बसली.

मी अजून बाहेरच आहे. तेवढी एक मेख निघत नाहीये.