‘दर वर्षाला दहा टक्के कापा’ या हिशोबाने जुनी गाडी विकू नका

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. जुनी गाडी विकायचीय? नवीन घेताना जेवढे मोजले त्यातून दर वर्षाचे 10 टक्के कापा, टायर-म्युझिक सिस्टिमचा खर्च त्यात मिळवा, गाडी कमी चाललेली असेल तर अजून वाढवा, आणि घासाघीस होणारच म्हणून वर 20 टक्के चढवून सांगा. माझ्या ओळखीतल्या दोघांनी हाच हिशोब धरला आणि गाड्या महिनोन्महिने दारातच उभ्या राहिल्या, म्हणून लिहायला बसलो.

आधी ते 10 टक्के बघू. असं कापत गेलं तर दहा वर्षांची गाडी फुकटच द्यायला पाहिजे, पण चालती गाडी फुकट देतं का कोणी? भाव असा सरळ रेषेत उतरतच नाही, पहिल्या वर्षात धाडकन पडतो आणि मग पडायचा वेग कमी कमी होत जातो. आणि तुम्ही तेव्हा किती मोजले याच्याशी घेणाऱ्याला काय देणंघेणं, त्यात टॅक्स, इन्शुरन्स, ॲक्सेसरीज सगळंच आलं. तो बघतो तशी नवी गाडी आज केवढ्याला मिळते ते. कंपनीने उद्या नवीचा भाव उतरवला की तुमच्या जुनीचाही उतरलाच समजा.

दुसरं, केलेला खर्च मिळवायचा. नाही हो! सर्व्हिसिंग वेळेवर केलं तर भाव पडत नाही एवढंच, वाढत नाही. म्युझिक सिस्टिम तुमच्या आवडीची, समोरच्याला ती नकोही असेल. टायर ‘नवीन’ म्हणाल तर जाणकार माणूस खाली वाकून टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचतो, 2319 म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. टायरवर नक्षी भरपूर आहे पण रबर जुनं, हे त्याला तिथेच कळतं.

किलोमीटरचं तर फारच सरसकट बोलतात लोक. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी बसते, रबरी सील कडक होतात, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं (म्हणूनच बऱ्याच कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात). रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं इंजिन धड तापतच नाही, मग ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल साचत राहतं. त्यापेक्षा हायवेवर एका लयीत पळालेली, सगळी बिलं जपलेली जास्त किलोमीटरची गाडी मी तरी आधी घेईन. बिलांवर तारखेसोबत रीडिंग असतं त्यामुळे मीटर मागे फिरवलाय का हेही कळतं.

आता ते वरचे 20 टक्के. ऑनलाइन शोधणारा माणूस आपल्या बजेटची मर्यादा टाकूनच शोधतो, तुम्ही त्या आकड्याच्या वर गेलात की गाडी त्याला दिसणारच नाही, मग घासाघीस करणार कोणाशी?

भाव काढायचा तर तेच मॉडेल, तेच व्हेरियंट, तेच साल अशा आठ-दहा जाहिराती बघा, पण त्यातले आकडे मागितलेले असतात, मिळालेले नाहीत हे विसरू नका. सगळ्यात वरची आणि खालची सोडा, महिनाभर तिथेच पडून आहेत त्या महाग आहेत असं समजा. मग दोन-तीन डीलरकडून कोटेशन घ्या. डीलरला दुरुस्ती करून, स्वतःचा नफा धरून विकायची असते त्यामुळे तो कमीच सांगणार, तो तुमचा तळ. थेट विकताना भाव या दोन्हीच्या मधे कुठेतरी बसतो.

आणि दोष लपवू नका. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन दाखवलं की चांगली कुठली नि खराब कुठली हे घेणाऱ्याला ओळखता येत नसेल तर तो चांगल्या गाडीलाही पडका भावच देतो. त्यांना 2001 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यामागे हे काम होतं. माझी गाडी विकताना टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका ठेक्यात ठेवणारा पट्टा) बदलायला आलेला, तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून सगळंच जातं. मी गॅरेजमधून एस्टिमेट आणलं, तेवढी रक्कम आधीच कमी केली आणि कागद बिलांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावला. बघायला आलेल्या माणसाने तो दोनदा वाचला, फाइल शेवटपर्यंत चाळली आणि भाव कमी करा असं एकदाही न म्हणता विचारलं, कागदपत्रं कधी करायची?