दवाखान्यात सुई नाही, मग उपग्रह कशाला?

गुरांच्या रोगांवरचा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गरीब देशांत उपग्रह नि नकाशे वापरून जनावरांचे रोग हेरणं ही श्रीमंत संशोधकांची हौस आहे. आकाशातून आजारी गाय दिसत नाही, इशारा दिला तरी जनावरं मरतातच, धनगराला सगळं आधीच ठाऊक असतं, आणि हा खर्च कुणाला परवडतो?

गाय दिसत नाही, हे कबूल. पण हिरवळ दिसते, आणि रिफ्ट व्हॅली तापाला तेवढं पुरतं. १९३१ साली केनियातल्या मेंढ्यांमध्ये ओळखला गेलेला हा रोग डासांमुळे पसरतो. पूर्व आफ्रिकेच्या गवताळ माळांवर उथळ खळगे असतात. त्यांच्या कोरड्या मातीत डासांची अंडी वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि काहींत विषाणू आईकडूनच आलेला असतो. एरवीच्या पावसात फारसं काही घडत नाही. पण समुद्र तापून पाऊस आठवडेच्या आठवडे कोसळला की खळगे तुडुंब भरतात, अंडी फुटतात, मेंढ्या एकामागून एक गाभडू लागतात, कोकरं पटापट मरतात. मग जनावर कापताना त्याच्या रक्तातून रोग माणसात येतो. समुद्राचं तापमान, ढग आणि नेहमीपेक्षा जास्त हिरवा झालेला माळ, या तिन्ही गोष्टी उपग्रह मोजतो. डास मोजायची गरजच पडत नाही.

इशाऱ्याचा काही उपयोग नाही, या दुसऱ्या आरोपात मात्र दम आहे. सप्टेंबर २००६ पासून नासाच्या गोडार्ड केंद्रातला गट धोक्याचे नकाशे काढत होता. नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं सावध केलं. डिसेंबरमध्ये केनियाच्या ईशान्येला गॅरिसा भागात माणसं आजारी पडली. जनावरांना लस टोचायला सुरुवात झाली जानेवारी २००७ मध्ये. त्या साथीत एकट्या केनियात दीडशेहून अधिक माणसं गेली. आता यात चूक कुणाची? लस तयार करून, थंड ठेवून, पुरात वाहून गेलेल्या रस्त्यांवरून वाड्यांपर्यंत पोचवायला आठवडे लागतात, आणि ती तयारी इशारा येण्याआधी झालेली नव्हती. हवामान खात्यानं वादळाचा अंदाज दिला नि होड्या किनाऱ्यावर ओढल्या नाहीत, तर आपण अंदाज देणं बंद करा म्हणत नाही. सुई नाही, हे खरंच. म्हणूनच तर ती मागवायला वेळ हाताशी हवा.

धनगराला ठाऊक असतं, हेही खरं. सोमाली पशुपालकांकडे या रोगाला स्वतःचं नाव आहे, 'संदिक', म्हणजे नाकातून रक्त येणं. अफाट पाऊस, डासांचे थवे आणि गाभडणाऱ्या मेंढ्या यांचं नातं त्यांनी साथीच्या आधीच जुळवलं होतं. फक्त त्यांचं म्हणणं राजधानीपर्यंत पोचायची वाट नव्हती. गुरांचा बुळकांडी रोग (रिंडरपेस्ट) आठवा. २०११ मध्ये ती जगातून संपल्याचं जाहीर झालं. त्या मोहिमेत आफ्रिकेच्या दुर्गम भागात पशुपालकांना विचारून, त्यांच्याकडून जमिनीवर नकाशे काढून घेऊन, रोग कुठे लपलाय ते शोधलं गेलं. तेव्हा नकाशाला धनगराविरुद्ध उभं करण्यात अर्थ नाही.

आपल्याकडेही बंगळुरूची 'निवेदी' ही संस्था जनावरांच्या रोगांचा दोन महिने आधी जिल्हावार अंदाज देते. जिल्हा म्हणजे फार मोठा तुकडा, गावातल्या पशुवैद्याला त्यातून किती कळणार, ही तक्रार रास्त आहे. पण ती नकाशा आणखी बारीक करा म्हणणारी तक्रार आहे.

राहिला खर्च. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं २००८ पासून फुकट आहेत. केनियातल्या मार्साबितमध्ये २०१० साली जनावरांचा विमा याच हिरवळीच्या आकड्यावर सुरू झाला. आपल्याकडे गाय मेली की कानातला बिल्ला, शवविच्छेदन, पंचनामा, मग कागदपत्रांचे हेलपाटे. तिथे चारा ठरलेल्या पातळीखाली सुकला की त्या भागातल्या प्रत्येक विमाधारकाला भरपाई, मेलेलं जनावर न दाखवता. कधीकधी गुरं तोंड न लावणारी झुडपंच उपग्रहाला हिरवी दिसतात आणि हिशेब चुकतो. तरीही २०११ च्या दुष्काळात पैसे मिळाले, आणि त्यासाठी कुणालाही माळावर सांगाडे मोजत फिरावं लागलं नाही.