दादाने लिहिलं, 'लागू नाही'

रविवारी नाशिकहून दादाचा फोन आला तोच तावातावाने. "लग्न न झालेल्या पोरीला असलं विचारतात होय?" भाची 23 वर्षांची, अर्धशिशीने हैराण. नव्या गोळीच्या चाचणीसाठी बापलेक गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात गेले. फॉर्मवर प्रश्न होता: गर्भनिरोधक कोणतं वापरता? दादाने तिच्या हातातलं पेन घेतलं आणि 'लागू नाही' लिहून टाकलं.

इथे इंग्लंडात, लीड्समध्ये, सोरायसिस या त्वचारोगाच्या औषधाच्या चाचणीत मलाही हेच विचारलं होतं. मी 43 वर्षांची, घटस्फोटित, एकटी राहणारी. तरी दर भेटीला लघवीची तपासणी. चिडलेच होते. औषधापासून गर्भाला धोका संभवत असेल तर नुसता निरोध चालत नाही. वर्षाला शंभरात एकीलाही दिवस राहू नयेत अशी पद्धत हवी, म्हणजे तांबी, ऑपरेशन वगैरे. संबंधच ठेवत नाही, हे उत्तर युरोपच्या 2014 च्या शिफारशींनुसार चालतं, पण ती तुमची नेहमीची राहणी असेल तरच. चाचणीपुरता चातुर्मास चालत नाही!

यामागे थॅलिडोमाइड आहे. गरोदरपणातल्या मळमळीवर दिलं जाणारं ते औषध 1961 मध्ये मागे घ्यायला सुरुवात झाली; त्याच्यापायी जगभरात दहा हजारांवर मुलं व्यंग घेऊन जन्मली. त्या धसक्याने अमेरिकेने 1977 ते 1993 मूल होऊ शकणाऱ्या बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळलंच. तेही महागात पडतं. झोल्पिडेम ही झोपेची गोळी बायकांच्या रक्तात सकाळपर्यंत जास्त रेंगाळते म्हणून तिथे त्यांचा डोस निम्मा केला, तोही 2013 साली. तोवर वीस वर्षं पुरुषांइतकाच घेत होत्या.

म्हणून बायका चाचणीत हव्यात, आणि प्रश्नही हवा. दादाचं इथे चुकतंच. पण दवाखान्याचं जास्त चुकलं. लीड्समध्ये मला विचारण्याआधी नर्सने दार लावलं होतं. आपल्याकडे गर्भपातालाही सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, मग या कागदावर बापाचं अक्षर का? (इथलंही सगळं सोवळं नाही. औषधापासून गर्भाला धोका संभवत नसेल तर नुसता निरोधही चालतो, असं त्याच शिफारशी सांगतात. माझं औषध धोक्याच्या कोणत्या पायरीवर होतं ते मला कुणी सांगितलं नाही.)

रात्री भाचीचा मेसेज आला: "आत्या, एकटी जाऊन नवा फॉर्म मागू?"

माग म्हटलं. दादाला मी बघते.