‘कलम ३०-अ’ आणि परिपाठाची वही

मागच्या आठवड्यात वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो असताना मोठ्या बाबांनी ओसरीवरच मोबाइल पुढे केला. मजकूर अनेकांनी वाचला असेल: राज्यघटनेच्या ‘कलम ३०’ने मदरशांत कुराण शिकवायला मोकळीक दिली आणि ‘कलम ३०-अ’ने शाळांत गीता शिकवायला बंदी घातली, सरदार पटेलांनी राजीनाम्याची धमकी देऊन हे रोखले होते, पण ते गेल्यावर नेहरूंनी ते कलम घटनेत घुसवले, म्हणून आपली मुले संस्कारांना मुकली. गोष्ट मोठ्या बाबांपुरती राहिली असती तर मी चहा पिऊन उठलो असतो. परंतु तोच मजकूर शाळा व्यवस्थापन समितीच्या गटावरही फिरला होता, आणि एका गुरुजींनी परिपाठाच्या वहीत बोधकथेच्या रकान्यात लिहिलेली ‘कृष्ण आणि सुदामा’ ही ओळ लाल शाईने खोडून तिथे ‘ससा आणि कासव’ लिहिले होते. कारण विचारले तर म्हणाले, “कायद्यात बसत नाही म्हणतात, नसती चौकशी कशाला मागे लावून घ्यायची?” संस्कार बुडाले म्हणून गळा काढणाऱ्या संदेशाने आमच्या शाळेतून सुदाम्यालाच बाहेर काढले.

सर्वांत हास्यास्पद भाग तारखांचा आहे. संविधान सभेने घटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली, ती २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली आणि सरदारांचे निधन १५ डिसेंबर १९५० रोजी झाले. कलम ३० मूळ घटनेतच होते. म्हणजे ते सरदारांच्या डोळ्यांदेखत मंजूर झाले आणि त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ ते उपपंतप्रधानपदावर होते. इतकेच नव्हे, तर मूलभूत हक्क आणि अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवरील संविधान सभेच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष स्वतः सरदार पटेलच होते. ज्याच्या अध्यक्षतेखाली या हक्कांचा विचार झाला, त्यालाच त्यांच्याविरुद्ध राजीनामा द्यायला निघालेला दाखवणे हा सरदारांचा गौरव कसा होतो, ते संदेश लिहिणाराच जाणे.

आणि ज्या ‘३०-अ’चे भूत उभे केले आहे, तसे स्वतंत्र कलम घटनेत नाहीच. आहे ते कलम ३० मधले उपकलम (१क), आणि ते १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आले. तेव्हा पंतप्रधान मोरारजी देसाई होते. नेहरूंना जाऊन १४ वर्षे झाली होती. त्या उपकलमाचा विषय धर्मग्रंथ नसून भूसंपादन आहे. समृद्धी महामार्गात ज्यांची वावरे गेली, त्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही: अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थेची मालमत्ता सरकारने सक्तीने घेतली, तर मोबदला इतका तुटपुंजा नसावा की संस्था चालवण्याचा त्यांचा हक्कच संपेल. त्याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, म्हणून ही तरतूद करावी लागली. मूळ कलम ३० तर धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्य असलेल्या सर्वांना शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क देते. त्यात कुराण, बायबल वा गीता यांपैकी एकाचेही नाव नाही. कोण अल्पसंख्य, हे राज्यनिहाय ठरते, त्यामुळे कर्नाटकातल्या मराठी शाळांनाही हेच कलम उपयोगी पडते.

शाळेत धर्म शिकवण्याविषयी जे कलम आहे ते २८ वे, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत कोणत्याही धर्माचे धार्मिक शिक्षण देता येत नाही; मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत ते देता येते, पण मुलाच्या पालकांच्या संमतीशिवाय त्यात बसायची सक्ती करता येत नाही. हा नियम सर्व धर्मांना सारखा आहे. आसामात सरकारी खर्चाने चालणारे मदरसे होते, हे मान्य करावे लागेल. संदेशातला थोडा खरा अंश तेवढाच. पण २०२० च्या कायद्याने ते सामान्य शाळांत बदलण्याचा निर्णय झाला आणि गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो याच कलम २८ च्या आधारे उचलून धरला.

गुरुजींच्या लाल शाईचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २००२ रोजीच देऊन ठेवले आहे. अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २००० सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला आव्हान दिले होते. मूल्यशिक्षणासाठी धर्मांची माहिती देणे म्हणजे कलम २८ चा भंग, असा आक्षेप होता. न्यायालयाने तो फेटाळला. एखाद्या धर्माचे कर्मकांड व उपासना शिकवणे वेगळे आणि सर्व धर्मांतली मूल्ये व तत्त्वे यांचा परिचय करून देणे वेगळे, असे न्यायालयाचे म्हणणे होते, आणि त्यासाठी त्याने शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीच्या १९९९ च्या अहवालाचा आधार घेतला होता. सुदाम्याचे पोहे या निकालात आरामात बसतात. वर्गात आरती लावून सगळ्या पोरांना हात जोडायला लावणे मात्र बसत नाही, आणि हा फरक गुरुजींना सांगण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांचे आहे, कारण वरून येणाऱ्या परिपत्रकांत तो इतक्या सोप्या भाषेत क्वचितच सापडतो.

‘गीतेवर बंदी’ या मुद्द्यावर फार शब्द खर्चायची गरज नाही. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत १९१७ पासून संतवाङ्मय शिकवले जाते आणि कोणत्याही सरकारने तिला कुलूप लावलेले नाही. गुजरात सरकारने तर मार्च २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या अभ्यासक्रमात गीता आणण्याची घोषणा थेट विधानसभेत केली.

एक तक्रार मला मान्य आहे. शिक्षणहक्क कायद्यातली खासगी शाळांवरची २५ टक्के जागांची अट अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले, आणि त्या भेदावर नाराज असण्याला जागा आहे. त्यावर जरूर भांडावे, पण त्यासाठी नसलेले कलम कशाला लागते?

मोठ्या बाबांना कलम २८ आणि ३० च्या झेरॉक्स देऊन आलो आहे. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पाने दोनदा वाचली आणि “मग हे इतके दिवस फिरते कसे?” असे विचारले. गुरुजींना दुसरी प्रत दिली आहे. वहीत सुदामा परत आला का, ते सोमवारच्या परिपाठाला कळेल.