फॉल्सचं ट्रू करायला कोणाची परवानगी लागते?

एक विंडो मोठी करता येत नाही म्हणून माणूस एवढा भडकतो का? हो भडकतो, रोज तीच विंडो उघडायला लागली की तुम्हीपण भडकाल. कामासाठी एक सॉफ्टवेअर वापरतो, नाव घेत नाही, पण पैसे भरून वापरतो एवढं सांगतो. त्यात फाईल जोडायला गेलं की एक पिटुकली विंडो उघडते. स्क्रीन एवढी मोठी, सगळी मोकळी पडलीय, आणि मधोमध ही एवढीशी. तिच्यात पाच-सहा नावं दिसतात आणि तीही अर्धीच, पुढे तीन टिंबं. आता आमच्या सगळ्या फायलींची नावं सुरुवातीला सारखीच असतात, प्रोजेक्टचं नाव, महिना वगैरे, आणि खरा फरक शेवटी, फायनल, फायनल 2, सुधारित, ‘ही वापरू नका’. म्हणजे जे वाचायचंय नेमकं तेच टिंबांनी गिळलेलं. मग प्रत्येक नावावर माऊस नेऊन थांबायचं, पूर्ण नाव उगवायची वाट बघायची, नाही ती नाही, पुढच्या नावावर जायचं. विंडोची कड धरून ओढावी तर ढिम्म हलत नाही.

शेवटी डोकं फिरलं आणि आत काय आहे ते बघायला गेलो. ते इलेक्ट्रॉनवर (वेबसाइटच्या तंत्राने कॉम्प्युटरवरची सॉफ्टवेअरं बनवायचा साचा) बनवलेलंय, म्हणजे आत सगळं वेबपेजसारखंच, जावास्क्रिप्ट, आणि तो सगळा कोड एका आर्काइव्ह फाईलमध्ये बांधून ठेवलेला असतो, ती सोडवायचं टूल फुकट मिळतं. सोडवली. आत कोड मिनिफाय केलेला, म्हणजे जागा वाचवायला दाबून आखडलेला, एकेक ओळ संपता संपत नाही, पण सर्च मारला आणि सापडलं. रिसायझेबल: !1, म्हणजे विंडो लहानमोठी करता येते का, तर फॉल्स, नाही. (मिनिफाय केलं की फॉल्सचं !1 होतं आणि ट्रूचं !0.) आणि गंमत बघा, इलेक्ट्रॉनमध्ये विंडो मुळातच लहानमोठी करता येते, डिफॉल्ट ट्रूच आहे. म्हणजे ही सोय द्यायची राहून गेली वगैरे काही नाही, कोणीतरी बसून मुद्दाम लिहिलंय की ह्यांना ओढू देऊ नका!

एकाचा शून्य केला, फाईल परत बांधली, सॉफ्टवेअर चालू केलं तर चालूच होईना. इंटिग्रिटी चेक. फाईलचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा, जुळला नाही की ते उघडायलाच नकार देतं. सिक्युरिटीसाठी असतं ते, मान्य, बाहेरच्या कोणी आत काही घुसवू नये म्हणून, पण मी बाहेरचा कसा काय झालो रे? कॉम्प्युटर माझा, डिस्क माझी, सबस्क्रिप्शनचे पैसे माझे, आणि कुलपाला मी आणि चोर सारखेच. वर लायसन्समध्ये लिहिलेलंच असतं की बदल करायचा नाही, रिव्हर्स इंजिनिअरिंग (उकलून आत कसं चालतं ते बघणं) करायचं नाही, ते तर आपण न वाचताच ॲग्री केलेलं. न करून सांगता कोणाला, ॲग्रीच्या शेजारी दुसरं बटण एकच, कॅन्सल.

सपोर्टला लिहिलं. उत्तर काय, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, आपली सूचना संबंधित टीमपर्यंत पोचवली आहे.’ आणि एक लिंक, जिथे जाऊन सूचनेला मत द्यायचं. गेलो तर तिथे हीच मागणी आधीच पडलेली, जुनी, खाली ढीगभर लोक माझ्याचसारखे करवादतायत आणि वर पट्टी, अंडर रिव्ह्यू. एका अक्षराचा रिव्ह्यू चाललाय वर्षानुवर्षं!

आणि मी एकटाच रडका नाहीये. विंडोज 8 आठवतंय? 2012 साली आलं आणि स्टार्ट बटण गायब. जगभर बोंबाबोंब. वर्षभराने 8.1 मध्ये बटण दिलं, पण ते दाबलं की परत तीच टाइल्सची पूर्ण स्क्रीन, खरा मेनू यायला 2015 चं विंडोज 10 उजाडलं. तोपर्यंत लोकांनी काय करायचं तर दुसऱ्याच कोणाची तरी सॉफ्टवेअरं वरून चिकटवायची आणि पुढच्या अपडेटने ती मोडू नयेत म्हणून देव पाण्यात घालून बसायचं. 2021 मध्ये विंडोज 11 आलं, त्यात टास्कबार हलवून बाजूला किंवा वर नेता येईना, जे आधी वर्षानुवर्षं येत होतं.

आता हेच लिनक्सवाल्यांकडे बघा, म्हणजे विंडोजऐवजी कोड उघडा असलेली सिस्टिम वापरणाऱ्यांकडे. 2011 मध्ये गनोम 3 आलं (गनोम म्हणजे लिनक्सवर स्क्रीनवर दिसतो तो डेस्कटॉप), डेस्कटॉपचा चेहरामोहराच बदलला, तिथेही लोक असेच पेटले, शिव्याच शिव्या. पण गनोम 2 चा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ कोड, उघडा होता, मग आर्च लिनक्स (लिनक्सचाच एक प्रकार) वापरणाऱ्या एका माणसाने तो उचलला, फोर्क केला, म्हणजे त्याची वेगळी प्रत काढली, आणि माटे नावाने चालू ठेवला, अजून चालू आहे. ज्यांना नवीन आवडलं ते नवीन वापरतायत, ज्यांना जुनं हवं ते जुनं, कोणाच्या पाया पडायला लागलं नाही. मला हा फरक दिसला की अजूनच संताप होतो, कारण गनोमवाल्यांनीही लोकांचं फारसं ऐकलं नव्हतंच, पण त्यांनी नाही ऐकलं म्हणून कोणाचं अडलं नाही.

ह्यावर काहीजण लगेच शहाणपणा शिकवायला येतात की सामान्य माणसाला कुठे कोड येतो, त्याला सोर्स देऊन काय उपयोग. अरे पण माटे वापरणाऱ्या सगळ्यांनी कुठे कोड लिहिला? हजारातल्या एकाला येत असलं तरी बास आहे की, तो करेल, बाकीचे घेतील. रिचर्ड स्टॉलमन म्हणून एक प्रोग्रॅमर, त्याचं तेच झालं होतं, अमेरिकेतल्या एमआयटीच्या लॅबमध्ये, 1980 च्या आसपास. आधीच्या प्रिंटरचा कोड हातात होता म्हणून त्याने अशी सोय करून ठेवली होती की कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना मेसेज जाईल. मग झेरॉक्सचा नवीन लेझर प्रिंटर आला, कोड दिलाच नाही, दुसऱ्या युनिव्हर्सिटीत एकाकडे होता तो म्हणाला गुप्ततेचा करार केलाय, देणार नाही. त्या तिरमिरीत माणूस गप्प बसला नाही, 1983 मध्ये त्याने ग्नू प्रोजेक्टच जाहीर केला, कोणालाही कोड बघता-बदलता येईल अशी अख्खी सिस्टिम बनवायचा. ह्या माणसाची बाकी मतं पटोत न पटोत, पण ती तिरमिरी मला आज शंभर टक्के कळतेय.

आणि ‘मग सोडून दे ना, दुसरं वापर’ म्हणणाऱ्यांनी तर बोलूच नये. सोडतो की. पण अख्खी टीम त्याच्यावर आहे, इतक्या वर्षांचं काम त्याच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये अडकलंय, एक्स्पोर्ट म्हणून मिळतं काय तर पीडीएफ, ज्यात पुढे एक आकडा बदलता येत नाही. पाठवतो मी एक फाईल, दाखवा ती तुमच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून, टेबलं न मोडता, कमेंट्स न उडवता, मग सांगा मला सोडून दे म्हणून.