‘न सांगता बीफची चरबी खाऊ घातली’ या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

शनिवारी रात्री तुम्हा मंडळींना बाहेर फुटपाथवर ताटकळत बसावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. इथे चीनमधल्या चेंगडूत शनिवारी हॉटपॉटच्या, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या रश्श्यात आपापलं शिजवून खायच्या, दुकानांबाहेर रांगा असतातच आणि आमची टेबलं मोजकी. तरी तुम्ही दमून आला होतात, हे मला दिसत होतं.

रश्श्याचे आणि चटणीच्या वाटीचे पैसे वेगळे लावले, असं तुम्ही लिहिलंय. इथे बहुतेक ठिकाणी तशीच पद्धत आहे. वजडी रबरासारखी लागली म्हणता, तर ती चॉपस्टिकमध्ये धरून उकळत्या रश्श्यात पंधराएक सेकंद वर-खाली करायची असते. तुमच्या टेबलावर अख्खी प्लेट एकदम ओतली गेली आणि फोटो काढून होईपर्यंत आत शिजत राहिली. ते असो.

पण ‘शाकाहारी मित्राला न सांगता चरबीचा रस्सा खाऊ घातला’ हे वाचल्यापासून जेवण जात नाही. साहेब, आमच्या पाटीवर बैलाचं भलंमोठं चित्र आहे. तुम्ही मराठी बोलताय हे ऐकून मी गल्ला सोडून स्वतः टेबलापाशी आलो. दोन कप्प्यांच्या भांड्यातली लाल बाजू बीफच्या चरबीतली आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी तिला हात लावू नका, असं मराठीतच सांगितलं. आमच्या या सिचुआन प्रांताचा लाल रस्सा होतोच तसा. इथल्याच पीश्येन भागातली आंबवलेल्या बाकल्याची तिखट पेस्ट, सुक्या मिरच्या, आलं, लसूण आणि हानयुआन भागातली मिरी चरबीत मंद आचेवर परतावी लागते, तेव्हा कुठे तो रंग आणि वास उतरतो. ही मिरी आपल्या तिरफळाच्याच जातकुळीतली, जिभेला मुंग्या आणते, हेही मी तेव्हाच बोललो. त्यावर तुम्हीच म्हणालात, ‘आमच्याकडे बांगड्याच्या तिखल्यात घालतात.’ तिरफळाचं आठवत असेल, तर त्याच्या आधीचं चरबीचं वाक्यही आठवायला हवं.

पांढऱ्या बाजूला आम्ही एरवी हाडांचा रस्सा घालतो. तुमच्या मित्रासाठी माझ्या बायकोने तो बाजूला ठेवून नुसत्या पाण्यात मशरूम, आलं आणि कांद्याची पात घालून वेगळा रस्सा केला, तोही दुकान भरलेलं असताना. झाराही धुऊन वेगळा दिला. त्याचे जास्तीचे पैसे लावले नाहीत. नंतर पांढरं फिकं लागतं म्हणून तुमच्या मित्राने स्वतःच कमळकाकडी लाल बाजूत बुडवली. बायकोला मराठी येत नाही, ती हात हलवत धावत आली. तेव्हा तुमच्याच टेबलावरून ‘असू दे हो, एकदा चालतं’ असं मी कानांनी ऐकलं. त्यांनी काय खावं हा त्यांचा प्रश्न, मी त्यावर एक शब्द बोललो नसतो. पण आमच्यावर फसवणुकीचा ठपका आला म्हणून सगळं लिहावं लागतंय.

इथे डॉक्टरकी शिकायला आलेली आपली मुलं आमच्याकडे येतात, ती मराठीत विचारता येतं आणि खरं उत्तर मिळतं म्हणून. त्यांचे आईवडील गावाकडे बसून अशी मतं वाचतात. तुमचं ते एक वाक्य वाचून कोण आपल्या मुलाला आमच्या दारात पाठवील? परदेशात रस्त्याकडेचं छोटं दुकान भाड्यासकट चालवणं सोपं नाही, आणि आमच्या घरात दुसरी कमाई नाही.

मांस न खाणाऱ्यांसाठी वेगळं छोटं भांडं ठेवायचा विचार आहे, मराठी-हिंदीत पाटीही जमेल तशी लवकर लावू.

रांग, चिवट वजडी, महाग बिल, जे वाटलं ते तसंच राहू द्या, एक स्टारही राहू द्या. फक्त ‘न सांगता’ हे दोन शब्द तेवढे काढा, ही हात जोडून विनंती.