वजा चाळीस अंश

मोटारगाड्या बनवणाऱ्यांना माणसाचा स्वभाव फार चांगला कळतो, याविषयी माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या तापमानाचा एक काटा असे आणि पुष्कळ गाड्यांत तो मुद्दामच असा जुळवलेला असे की, आतले पाणी पंच्याऐंशी अंशांवर असो की शंभराच्या आसपास, काटा मधल्या रेघेवरून हलत नसे. पुढे लहान गाड्यांतून तो काटाही गेला. इंजिन थंड असेपर्यंत एक निळा दिवा आणि प्रकरण हाताबाहेर गेल्यास एक लाल दिवा, एवढीच दवंडी उरली. या दोन दिव्यांच्या मधल्या काळात चालकाने गाणी ऐकावीत, भत्त्याचा पुडा सोडावा आणि समोरचा उसाचा ट्रॅक्टर कोणत्या बाजूला वळणार याचा अंदाज बांधावा, अशी त्यामागची दयाळू योजना होती. ही योजना काही शे रुपयांत मोडीत काढणारे साधन बाजारात मिळते. त्याला ओबीडी (ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्स, म्हणजे गाडीने आपली आपणच तपासणी करण्याची पद्धत) स्कॅनर म्हणतात. ते मी घेतले.

हे साधन म्हणजे तळहातात मावणारा निळा ठोकळा. गाडीत सोळा पिनांची एक खोबण असते, तिच्यात तो खुपसायचा, ब्लूटूथने मोबाइलला जोडायचा, आणि मग इंजिनाचे फेरे, पाण्याचे तापमान, आत ओढल्या जाणाऱ्या हवेचे तापमान, बॅटरीचे व्होल्ट असे सगळे गाडीच्या पोटातले मोबाइलच्या पडद्यावर येते. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ही खोबण प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीची झाली आणि आपल्याकडे या पद्धतीचा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. धुरातून नको ते बाहेर पडू लागले तर गाडीनेच ते ओळखावे, दिवा लावावा आणि दुरुस्त करणाऱ्याला वाचता येईल असा कोड नोंदवून ठेवावा, हा त्यामागचा हेतू. रिकामटेकड्या मालकाने भर बाजारात गाडी उभी करून तिची नाडी बघत बसावे, असे काही कायद्यात म्हटलेले नाही. पण तसे करू नये असेही म्हटलेले नाही.

खोबण चालकाच्या हाताशी असते असे सगळे सांगतात. माझ्या २०१६ सालच्या गाडीत ती स्टिअरिंगच्या खाली, बोनेटच्या खटक्याच्या मागे, वर तोंड करून बसलेली आहे. ती हाताशी येण्यासाठी आधी डोके पेडलांशी न्यावे लागते. धुळ्यात एप्रिलच्या दुपारी माझे डोके गाडीत, पाय गल्लीत आणि तोंडात टॉर्च, अशा अवस्थेत असताना शेजारचे अण्णा येऊन उभे राहिले.

"काय दखी ऱ्हायना रे भाऊ?"

मी टॉर्च काढून सांगितले की, याने इंजिनाची सगळी माहिती मोबाइलवर येते. अण्णांनी क्षणभर विचार केला.

"मंग आतेलोंग गाडी कशी चालनी?"

या प्रश्नाचे उत्तर त्या ठोकळ्याच्या माहितीपत्रकात नव्हते.

माहितीपत्रकात जे होते तेही सरळ नव्हते. बाजारातल्या बहुतेक स्वस्त ठोकळ्यांवर ईएलएम ३२७ असे नाव असते. ही मूळ कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीची चिप. कंपनीने पहिल्या आवृत्तीतल्या प्रोग्रॅमला नक्कल होऊ नये म्हणून घालायचे कुलूपच घातले नाही आणि मग व्हायचे ते झाले, नकला निघाल्या. मूळ कंपनी पुढे सुधारित आवृत्त्या काढत राहिली, त्यात १.४ च्या मालिकेनंतर एकदम २.० आली, म्हणजे १.५ ही आवृत्ती तिने कधी काढलीच नाही. माझ्या ठोकळ्यावर ठळक अक्षरांत १.५ छापलेले आहे. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, परंतु तिने जन्मालाच न घातलेली ही अपत्ये अजून खोक्यांमधून येतच आहेत, आणि त्यातल्या एकाच्या शब्दावर विश्वास ठेवून मी माझ्या रेडिएटरची काळजी करतो.

जोडणीचा पासवर्ड १२३४ आणि तो चालला नाही तर ०००० असतो, यावरून सुरक्षिततेचा अंदाज यावा. माझ्या पुतण्याच्या आयफोनला हा ठोकळा दिसलाच नाही, कारण त्या फोनला असा जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ चालत नाही. त्याने वायफायचा ठोकळा आणला. तो जोडला की फोन इंजिनाशी बोलू लागतो आणि इंटरनेटशी बोलणे सोडतो, त्यामुळे रस्ता चुकला तरी इंजिन किती फेऱ्यांनी चुकीच्या दिशेला चालले आहे हे मात्र अचूक कळते.

घरात रक्तदाब मोजायचे यंत्र आल्यावर धडधाकट माणसेसुद्धा जेवणाआधी आणि जेवणानंतर दंडाला पट्टा बांधून बसतात, तसे माझे सुरू झाले. सकाळी चावी फिरवण्याआधी बॅटरी १२.४ व्होल्ट दाखवी. ती १२.६ असायला हवी, असे मला आता माहीत होते, आणि माहीत झाल्यावर गप्प बसणे कठीण असते. इंजिन सुरू झाले की १४.१ दिसे, तेव्हा कुठे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर जिवंत असल्याची खात्री पटून चहा गोड लागे.

खरी परीक्षा कन्नडच्या घाटात झाली. आम्ही चाळीसगाव सोडून संभाजीनगरकडे निघालो होतो, मागच्या सीटवर आई होती, आणि मोबाइल सौभाग्यवतींच्या हातात होता, कारण चालवताना पडद्याकडे पाहू नये एवढी अक्कल मला त्या ठोकळ्यानेही शिल्लक ठेवली होती. पायथ्याशी आकडा ८८ होता. पुढे एक मालट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत चालला होता आणि त्याच्या मागे आम्ही.

"अहो, त्र्याण्णव झालं."

"होऊ दे."

"पंच्याण्णव. एसी बंद करा."

एसी बंद केला. मे महिन्यातल्या खानदेशात गाडीचा एसी बंद करणे म्हणजे काय, हे ज्यांनी काचा उघडून ते वारे तोंडावर घेतले आहे त्यांना सांगायला नको. गाडीतल्या माणसांचे तापमान मोजणारे एखादे सेन्सर असते तर त्या वेळी इंजिनापेक्षा आमचाच दिवा आधी लागला असता.

"सत्त्याण्णव!"

"शंभराला पाणी उकळतं," आई मागून म्हणाली. आई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली आहे.

मी सांगू लागलो की, कूलंट हे नुसते पाणी नसते आणि रेडिएटरचे झाकण ते दाबाखाली ठेवते, त्यामुळे ते एकशे वीसच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. हे शंभर टक्के खरे आहे. परंतु ते घाटाच्या वळणावर, घामाने निथळत, ट्रकच्या धुरात सांगितल्यावर खरे वाटत नाही. मलाही वाटले नाही. तेवढ्यात रेडिएटरचा पंखा घरघरला आणि आकडा ९६, ९४, ९१ असा उतरू लागला. पंखा हे काम गाडी घेतल्यापासून करत आला असणार. त्याचे कौतुक मात्र त्या दिवशी पहिल्यांदा झाले, आणि तेही टाळ्या वाजवून.

ॲव्हरेजच्या बाबतीत तर हे यंत्र नातेसंबंधांवर उठले. माझी गाडी लिटरला अठरा देते, असे मी मेहुण्यांना सांगत आलो होतो, आणि त्यांची बावीस देते असे ते मला सांगत आले होते. हा आमच्यातला जुना, सभ्य व्यवहार होता. ॲपने माझ्या गाडीला अकरा दिले. पुष्कळ गाड्यांत इंजिनात किती हवा गेली हे थेट मोजणारा सेन्सर नसतो. मग ॲप दाब, तापमान आणि फेरे यांवरून हवेचा अंदाज बांधते, हवेवरून पेट्रोलचा अंदाज बांधते आणि त्या दोन अंदाजांवरून आलेला आकडा दशांशापर्यंत छापते. हे कळल्यावर मी मेहुण्यांच्या गाडीला तोच ठोकळा लावला. तिला साडेनऊ मिळाले. त्यानंतर आम्ही दोघांनी टाकी फुल करून किलोमीटर भागायच्या जुन्या पद्धतीवर संपूर्ण विश्वास जाहीर केला.

आणि मग मेच्या ऐन मध्यात, बाहेर रस्त्यांवर सुट्टीची संचारबंदी असल्यासारखा शुकशुकाट असताना, इंजिनाचा पिवळा दिवा लागला. आदल्याच दिवशी गाडी सर्व्हिसिंगहून आली होती. मी मोबाइल जोडला. कोड पी०११३ आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान वजा ४० अंश.

मी पुन्हा वाचले. वजा ४०. धुळ्यात. अण्णा ओट्यावर पंख्यासमोर उघडे बसले होते, त्यांना पडदा दाखवला. त्यांनी चष्मा लावून आकडा पाहिला, गाडीकडे पाहिले.

"मंग एसी कसाले लावस? बोनेट उघडी टाक ना, आख्खी गल्ली थंडी व्हई जाई."

अर्ध्या तासात ही बातमी गल्लीभर झाली. दोन मुले खरोखरच बोनेटला हात लावून गेली आणि पोळलेले हात झटकत परत गेली. बारावीला बसलेल्या एका मुलीने सांगितले की, वजा ४० हा एकच आकडा असा आहे जिथे सेल्सिअस आणि फॅरनहाइट सारखे होतात. म्हणजे परदेशी गाडी आणली असती तरी सुटका नव्हती.

यातली गोम अशी. हवेचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा विद्युत् विरोध थंडी वाढली की वाढतो. सेन्सरची तारच निखळली, तर गाडीच्या संगणकाला अमर्याद विरोध दिसतो आणि तो बिचारा अमर्याद थंडी आहे असे धरतो. ते तापमान पाठवायला त्याच्याकडे शून्य ते २५५ एवढ्याच जागा असतात आणि वाचताना त्यातून ४० वजा करायचे असतात, म्हणून तळ वजा ४० ला लागतो. गाडी सैबेरियात असती तरी याहून खाली गेली नसती. पी०११३ चा अर्थही तोच की, या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त आहे.

हे सगळे मी मिस्त्रींना गॅरेजमध्ये समजावून सांगितले. मिस्त्री पारोळा रस्त्यावर गेली अनेक वर्षे गाड्या उघडत आहेत. ऐकता ऐकता त्यांनी बोनेट उचलले, एअर फिल्टरच्या डब्याजवळ बोट घातले आणि एक प्लग दाबला. टक् असा आवाज आला.

"फिल्टर साफ करणाऱ्या पोरानं लावला नव्हता," ते म्हणाले. "चहा घेता?"

पडद्यावर हवा वजा ४० वरून ५१ अंशांवर उडाली. एवढ्या वेगाने तापमान वाढलेले धुळ्याने बघितले नसेल. मी कोड पुसून टाकला आणि पैसे विचारले. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. त्यांनी फक्त तो ठोकळा उलटसुलट करून पाहिला आणि "रविवारी जरा घेऊन या, तीन गाड्या बघायच्या आहेत" असे सांगितले. तेव्हापासून माझे रविवार गेले.

आता लग्नसराईत परिस्थिती अशी आहे की, मांडवात माझी ओळख अमक्याचा मुलगा म्हणून होत नाही, मोबाइलवर गाडी बघतो तो, अशी होते. परवा चोपड्याच्या एका लग्नात वांग्याच्या भरिताचा पहिला घास घेतला आणि सौभाग्यवतींच्या चुलत मामांनी हाताला धरून उठवले. बाहेर झाडाखाली पाच गाड्यांचे मालक चाव्या घेऊन उभे होते. मी नव्या पँटवर एकेका स्टिअरिंगखाली शिरत होतो, ते बाहेर वाकून आकडे विचारत होते आणि ज्याचा आकडा इतरांपेक्षा दोन अंशांनी जास्त निघे त्याचा चेहरा लग्नाला न शोभणारा होई. सर्वांत शेवटी केळीचे मोठे बागायतदार असलेले एक तात्या पुढे आले. त्यांच्याजवळ गाडी दिसत नव्हती.

"तात्या, गाडी कुठंय?"

"गाडीले काय व्हस?" तात्या म्हणाले. "दर उन्हायामा मनी बोअरनी मोटार जळी जास. तिले हाई लागी का?"